टाकीच्या तोंडाशी

मी केमिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला तेव्हा बडनेऱ्याच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये शेजारच्या काकू आईला म्हणाल्या होत्या, "पोरीले केमिकल काहून देऊन राहिले तुमी? कम्प्युटर द्या ना, एसीत बसन." बाबा रेल्वेत गार्ड होते. नुकतेच ड्यूटीवरून येऊन मोरीत पाय धूत होते. तिथूनच ते म्हणाले, "तिले त्यातलं समजते. समजते ते करू द्या."

मला खरंच समजायचं. अमरावतीच्या कॉलेजात पहिल्याच वर्षी आमच्या सरांनी फळ्यावर एक चौकोन काढला होता, त्यात जाणारा एक बाण आणि बाहेर येणारा एक बाण. "जेवढं आत गेलं तेवढं बाहेर आलं पाहिजे," ते म्हणाले. "नाही आलं तर ते आत साचलंय. नाहीसं काही होत नाही." बाकीच्या पोरांनी तो धडा मार्कांपुरता केला. मला त्या चौकोनाचं वेडच लागलं. न दिसणारी गोष्ट नुसत्या हिशेबाने पकडता येते, याचं मला फार अप्रूप वाटायचं.

नोकरी अकोल्याला लागली, एमआयडीसीतल्या एका सरकीच्या तेलाच्या कारखान्यात. लॅब आणि सांडपाणी, दोन्ही माझ्याकडे. गेटजवळ झाडणाऱ्या मावशी सोडल्या तर एवढ्या कारखान्यात बाई मी एकटीच. आठवडाभर अकोल्यात भाड्याच्या खोलीत राहायचं, आणि शनिवारी संध्याकाळच्या गाडीने बडनेऱ्याला जायचं.

सरकीचं कच्चं तेल काळपट असतं. त्यात कॉस्टिकचं पाणी घातलं की त्यातली आंबट घाण साबण होऊन खाली बसते. त्या काळ्या, बुळबुळीत साबणाला आमच्याकडे सोपस्टॉक म्हणत. त्यात गंधकाचं आम्ल ओतलं की साबण फुटतो, वर तेलकट थर येतो, तो साबणवाले घेऊन जातात. खाली उरतं ते पाणी कुणालाच नको असतं. ते एका बंद, जमिनीखालच्या टाकीत जाऊन पडायचं आणि तिथून पंपाने शुद्धीकरणाकडे चढायचं.

आम्लातलं गंधक त्या पाण्याबरोबर टाकीत जातं. टाकीत हवा नाही. जिथे हवा नसते तिथे काही जिवाणू त्या गंधकाच्या क्षारावर जगतात आणि त्याचा वायू करून सोडतात. हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्याचा वास येतो तो हाच. उन्हाळ्यात टाकी तापली की हे काम जोरात चालतं. मी आत जाणारं गंधक मोजलं होतं आणि बाहेर येणारंही मोजलं होतं. दोन्हींचा मेळ बसत नव्हता. म्हणजे मधल्या टाकीत काहीतरी साचत होतं.

कारखान्यात या वायूची माहिती देणारा छापील तक्ता होता, पण तो इंग्रजीत, मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये. मी त्यातलं मराठीत उतरवून, मोठ्या अक्षरांत लिहून पंपाजवळच्या भिंतीवर लावलं. ते वाचायला सगळ्यांत आधी आले ते उस्ताद.

उस्ताद म्हणजे आमचे फिटर. पन्नाशीकडे झुकलेले, अकोल्याच्या जुन्या शहरातले. दाढी मेंदीने लालसर, उजव्या हातात चांदीची अंगठी, तिच्यात फिरोजा. चारचौघांत मला मॅडम म्हणायचे आणि लॅबमध्ये आले की बेटा. सरकीच्या धुळीने मला खोकला लागला तेव्हा त्यांच्या घरून जोशांद्याचा काढा आला होता, थर्मासमध्ये. त्यांचा धाकटा भाऊ कारखान्यातच इलेक्ट्रिशियन होता. तो माझ्याच वयाचा, दोन वर्षांखाली लग्न झालेला, आणि तोंडाने भारी फटकळ. माझ्याशी तो कायम वऱ्हाडीतच बोलायचा. "मॅडम, तुमच्या लॅबच्या एसीले झालं काय? बिमार माणसावानी कण्हून राहिला." दोघा भावांत बापलेकाएवढं अंतर होतं. वडील लवकर गेले, धाकट्याला उस्तादांनीच वाढवलं होतं.

माझा कागद वाचून उस्ताद म्हणाले, "बेटा, ये वास तो आमाले रोजच येते. वास गेला म्हणजे गॅस गेला ना?"

"नाही उस्ताद. उलटं आहे. थोडा असला तर वास येतो. जास्त झाला की आपलं नाकच मरतं. मग वास येत नाही."

"म्हणजे वास येऊन राहिला तवा बरं?"

"तेव्हाही बरं नाही. पण वास एकदम बंद झाला तर पळायचं."

त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांना हेच समजावून सांगत होते, माझ्याहून चांगलं. आठवड्याभराने मॅनेजर साहेबांनी तो कागद काढायला लावला. "कामगार घाबरतात," ते म्हणाले. "टाकीपाशी कोणी जायला तयार होत नाही मग." मी वाद घातला. शेवटी कागद लॅबच्या दारावर लावायची परवानगी मिळाली. टाकी लॅबपासून लांब, प्लांटच्या पार मागच्या बाजूला होती.

वायू मोजायचं एक छोटं यंत्र आमच्याकडे होतं. ते बिघडलं म्हणून दुरुस्तीला पाठवलं, ते परत आलंच नाही. मी विचारत राहिले. "येऊन राहिलं," एवढंच उत्तर. तोवर टाकीत कोणी उतरायचं नाही, असं मी साहेबांना तोंडी सांगितलं, मग लिहून दिलं. त्यांनी सही करून एक प्रत मला परत दिली.

वैशाखातली गोष्ट. अकोल्यातला वैशाख ज्याने काढलाय त्याला सांगायला नको. पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. टाकीतला पंप सकाळीच अडकला होता आणि पाणी चढत होतं. दुपारपर्यंत ते नालीत उतरलं असतं, आणि नाली सरळ मागच्या वस्तीकडे जाते. वस्तीतल्या लोकांनी आधीही तक्रार केली होती. साहेब सकाळपासून मागच्या बाजूला येरझाऱ्या घालत होते. मी बाहेरून दुसरा पंप मागवा म्हणाले. ते म्हणाले, मागवतो. मी लॅबमध्ये परत आले, तेलाचे नमुने लावायचे होते.

पुढचं मला नंतर कळलं. साहेब उस्तादांना म्हणाले, "तुमी त कितीकदा उतरले असान. गाळ अडकला असन, एक हात मारून वर या." उस्तादांनी टाकीचं झाकण काढलं, वाकून वास घेतला, "बहोत बू हे" म्हणाले, आणि झाकण उघडंच ठेवून थोडा वेळ थांबले. पुन्हा वाकले. तिथे उभ्या असलेल्या एका हमालाने पोलिसांना सांगितलं की दुसऱ्यांदा वाकल्यावर ते म्हणाले, "अब नहीं आ रही." आणि उतरले.

दुसऱ्यांना शिकवलेली गोष्ट ते स्वतः का विसरले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं ते विसरले नव्हते. पण डोक्यावर ऊन होतं, साहेब उभे होते, पाणी नालीकडे चाललं होतं, आणि वीस वर्षं नाकाने त्यांना दगा दिला नव्हता.

गाळ ढवळला की त्यात दबलेला वायू एकदम सुटतो.

लॅबचं दार ढकलून कोणीतरी ओरडलं, "उस्ताद पडले!" मी धावले. पोचले तेव्हा टाकीच्या तोंडाभोवती चारपाच जण जमले होते, आणि एक जण दुपट्टा बादलीत भिजवून धाकट्याच्या तोंडाला बांधत होता. धाकट्याचा एक पाय शिडीवर होता.

मी त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं. तो कोसळला, मीही कोसळले. मग मला जे सुचलं ते मी केलं. टाकीचं तोंड जेमतेम माणूस जाईल एवढं होतं. मी त्या तोंडावर आडवी पडले. मान बाहेरच्या बाजूला वळवून, श्वास तिकडे घेत.

"मॅडम, हटो," तो म्हणाला. वऱ्हाडी गेली होती, घरातली भाषा आली होती. "भाई हे मेरा. हटो."

"ओल्या फडक्याने हा गॅस थांबत नाही. तू गेला त तूही पडशील." त्या दिवसापर्यंत मी त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"एक मिनिट लगेगा. खींच के लाता हूँ."

"एक मिनिट लागत नाही. दोन श्वास लागतात."

मी इतरांकडे बघून ओरडले, फायर ब्रिगेडला फोन करा, कॉम्प्रेसरचा पाइप आणा, हवा सोडा आत. कोणीतरी पळालं. ऑफिसच्या भिंतीवर श्वास घ्यायचा सिलिंडर टांगलेला होता, तो आणायला मी सांगितलं. तो आला, पण त्यात हवा नव्हती. काटा खाली पडलेला होता.

पाइप आत सोडायला मला थोडं सरकावं लागलं. त्या फटीतून धाकट्याने आत बघितलं. मीही बघितलं. उस्ताद शिडीच्या पायथ्याशी कुशीवर पडले होते, एक गाल गाळात. आणि त्यांचा उजवा हात हलला. बोटं उघडली आणि मिटली.

"हाथ हिला!" धाकटा किंचाळला. "जिंदा हे! देखा ना तुमने? मॅडम, जिंदा हे वो!"

मी बघितलं होतं.

मी पुन्हा त्या तोंडावर पडले. त्याने मला खांद्याला धरून ओढलं, केसांना धरून ओढलं. दोन बुक्के माझ्या पाठीत बसले. मी लोखंडी कडा धरून राहिले. कडा तापलेली होती, तळहात भाजत होते, आणि मी इतर माणसांना सांगत होते, धरा याला, धरा रे. आधी कोणी धरेना. सगळ्यांना तोच बरोबर वाटत होता. सख्खा भाऊ खाली पडलाय, आणि ही बाई त्याला जाऊ देत नाही. शेवटी बॉयलरवरचे दोघे आले आणि त्यांनी त्याला मागून कवळ घातली. तो हातपाय झाडत राहिला. मग झाडायचा थांबला आणि मला शिव्या देऊ लागला. मग शिव्याही थांबल्या आणि तो नुसता "भाईजान, भाईजान" म्हणत टाकीकडे बघत राहिला.

फायर ब्रिगेडची माणसं आली. पाठीवर सिलिंडर, तोंडावर मास्क लावून एक जण उतरला, कमरेला दोर बांधून. उस्तादांना वर आणायला त्याला फार वेळ लागला नाही. मास्क असला की ते काम किती थोडक्यात होतं, हे आम्ही सगळ्यांनी उभं राहून पाहिलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी बघितली, डोळ्यांत टॉर्च मारला आणि मान हलवली. साहेब बाहेर फोनवर होते. धाकटा बाकावर बसला होता. नर्सने उस्तादांच्या अंगावरच्या वस्तू आणून त्याच्या हातात दिल्या. घड्याळ, तावीज, अंगठी. तो अंगठी बघत राहिला. चांदी काळी पडली होती. दाट, निळसर काळी, भट्टीतून काढल्यासारखी.

"ये काहून काळी झाली?" त्याने विचारलं. माझ्याकडे न बघता विचारलं, पण तिथे दुसरं कोणी नव्हतं.

"त्या गॅसने होते. चांदीवर चढतो तो."

"इतक्या वेळात?"

"हो."

तो अंगठी शर्टाच्या कोपऱ्याने पुसत राहिला. ती नुसती पुसून निघत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मय्यत होती. मी गेले नाही. कारखान्यातली माणसं सांगत होती, धाकटा सगळ्यांसमोर म्हणाला की माझ्या भावाला त्या मॅडमने मारलं. तिने मला उतरू दिलं असतं तर तो वाचला असता.

चौकशीला सरकारी अधिकारी आले. त्याच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. "तुम्ही फार हिंमत दाखवली," ते म्हणाले. "एक जीव वाचवला. आपली सेफ्टी किती चांगली आहे ते यावरूनच दिसतं. तुम्ही फक्त एवढंच सांगा की फिटर न सांगता, स्वतःच्या मनाने उतरला."

मी चहा अर्धा ठेवून उठले. अधिकाऱ्यांना जे होतं ते सांगितलं. यंत्र नव्हतं, सिलिंडर रिकामा होता, आणि उतरायला सांगितलं होतं. सही केलेली माझी प्रतही दिली. महिन्याच्या आत माझी लॅब दुसऱ्याच्या हाताखाली गेली आणि मला बसायला जागा उरली नाही. मी राजीनामा दिला. बाबा स्वतः अकोल्याला आले माझं सामान न्यायला. गाडीत मूर्तिजापूर गेल्यावर ते म्हणाले, "तुले झोप लागते ना?" मी हो म्हणाले. लागत नव्हती.

अकोला सोडायच्या आधी मी उस्तादांच्या घरी जाऊन आले. एकटीच. धाकटा घरी नव्हता, ते बघूनच गेले होते. त्यांची आई बाजेवर बसली होती, थोरली सून आत होती. मी कोण ते शेजारणीने सांगितलं. म्हातारीने मला जवळ बोलावलं आणि माझे दोन्ही हात उलटे करून बघितले. तळहातांवर भाजल्याचे डाग होते अजून.

"तूने छोटे को रोका," ती म्हणाली.

"हो, अम्मा."

"वो जाता तो दोनों जाते?"

"हो."

"पक्का मालूम था तेरेको?"

"हो, अम्मा."

तिने माझे हात सोडले नाहीत. मग म्हणाली, "बेटी, तुझे दुआ दूँ के बद्दुआ, मेरेको समझ में नहीं आता. एक को रखा तूने मेरे. और दूसरे को पड़ा रहने दिया." तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरोखरच विचारात पडली होती. आतून सुनेने चहा पाठवला. मी तो पूर्ण प्यायले.

मी अमरावतीला एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवू लागले. पावसाळा संपता संपता एका दुपारी शिपायाने सांगितलं, कोणी भेटायला आलंय. बाहेर पार्किंगमध्ये धाकटा उभा होता. खूप वाळला होता. आधी मला भीती वाटली. मग त्याचा चेहरा बघून गेली.

"एकच विचाराले आलो," तो म्हणाला. "हात हालला होता ना भाईजानचा? लोक म्हणतात मले भास झाला."

मी खोटं बोलू शकले असते. पोलिसांनी मला हे विचारलंच नव्हतं. डॉक्टरही म्हणाले होते की असं झालं की हातपाय आपोआप आखडतात, त्याचा काही अर्थ नसतो.

"हालला होता," मी म्हणाले. "मी पाहिला."

"म्हणजे जिंदा होता."

"त्या वेळेस असेल."

"आणि तुमी मले जाऊ नाही देलं."

"नाही दिलं. आज पुन्हा तसंच झालं तरी देणार नाही."

मला वाटलं आता मारेल किंवा रडेल. त्याने दोन्हींपैकी काही केलं नाही. "मले अजून रोज वाटते मी उतरून राहिलो," तो म्हणाला. "शिडीवर पाय ठेवतो आणि तुमी ओढता. बायको उठवते. पोरगी झाली मले, तिले उचलून घेतो तरी हातात कॉलर धरल्यावानी वाटते." मग तो वळला आणि गाडी चालू करून गेला. त्या दिवशी मी पुढचा तास घेतला नाही.

केस अजून चालू आहे. कारखाना काही आठवड्यांतच सुरू झाला होता. ती टाकी बुजवून त्यांनी नवीन उघडी टाकी बांधली. साहेब दुसरीकडे कुठे नोकरीला आहेत, तारखेला वकील येतो. मी आणि धाकटा दोघेही सरकारी बाजूचे साक्षीदार. अकोल्याच्या कोर्टात बाहेर एक लांब बाक आहे, त्याच्या एका टोकाला तो बसतो, दुसऱ्या टोकाला मी. त्याने कारखाना सोडून मोटार वाइंडिंगचं दुकान टाकलं आहे, हे मला त्याच्या हाताला चिकटलेल्या वार्निशवरून कळलं. आम्ही बोलत नाही. पुकारा होण्याची वाट बघतो, आणि बहुतेक वेळा पुकारा होत नाही.

गेल्या खेपेलाही तसंच झालं. शिरस्तेदाराने बाहेर येऊन पुढची तारीख सांगितली. मी पर्स उचलली. दाराकडे जाताना मागून आवाज आला, "मॅडम."

मी थांबले.

"गाडी मिळन ना तुमाले?"

"मिळेल."

"लेट हाय म्हणून राहिले होते," तो म्हणाला, आणि टोपी नीट करत दुसऱ्या जिन्याने उतरून गेला.